किती वाजता निघता ते नको, किती वाजता परत येता ते सांगा

पत्र असं आहे: "वय ४१. राहायला कोथरूडला, नोकरी हिंजवडीत, अंतर १५ किलोमीटर. मंगळवार ते गुरुवार ऑफिसला जावं लागतं, सोमवार-शुक्रवार घरून काम. मंगळवारी आणि गुरुवारी रात्री साडेनऊला अमेरिकेतल्या क्लायंटबरोबर कॉल असतो. बायको बँकेत, मुलगी नऊ वर्षांची, आई आमच्याकडेच असते. दीड वर्षापूर्वी हायब्रिड सायकल घेतली. जानेवारीच्या मध्यावर २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला (ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब अंतराची सायकल राइड) नाव दिलंय, दहा आठवडे उरलेत. आठवड्यातून तीन दिवस पहाटे तासभर आणि रविवारी ग्रुपबरोबर ६० किलोमीटर चालवतो. तरी दम वाढत नाही, दुपारी पेंग येते आणि घरात रोज कुरबुर. बायको म्हणते, तू घरात असून नसल्यासारखा असतोस. घरी ट्रेनर (सायकल जागच्या जागी चालवायचा स्टँड) घ्यावा का? की सायकल सोडूनच द्यावी?"

सायकल सोडू नका. ट्रेनरही आत्ता घेऊ नका. आधी तुमच्या आठवड्याचा हिशोब मांडू, कारण गडबड तिथेच आहे.

तुम्ही सायकलचे तास मोजता ते पायडलवरचे. घर मोजतं ते तुम्ही हाताशी नसलेले तास. पहाटेच्या एका तासाच्या राइडला ग्लोव्ह्ज शोधणं, हवा भरणं, बाटली भरणं यात पंधरा मिनिटं जातात. परत आल्यावर घाम वाळेपर्यंत बसणं, अंघोळ आणि मोबाइलवर राइड बघणं यात अर्धा तास. म्हणजे पावणेदोन तास, तीन दिवसांचे सव्वापाच. रविवारी ६० किलोमीटरला तीन तास पुरतात, पण ग्रुपबरोबर साडेपाचला निघालेला माणूस अकराला घरी येतो, कारण कुणाची वाट बघायची असते, कुणाचं पंक्चर निघतं आणि मिसळीला पाऊण तास लागतो. एकूण पावणेअकरा तास गेले, त्यात सायकल चालली सहा तास. आपल्याला हे सहाचे सहा तास ठेवायचेत आणि वरचे पावणेपाच कमी करायचेत.

आता तुमची पहाटेची राइड नेमकी कोणत्या वेळेवर येते ते बघा. तुम्ही सव्वासातला दारात बूट काढता, तेव्हा स्वयंपाकघरात एका शेगडीवर तवा आणि दुसरीवर भाजी असते. मुलीची वेणी अर्धी घातलेली, एक मोजा सापडत नसतो, आईंना गोळीआधी काहीतरी खायला हवं असतं आणि स्कूलबस पाच-दहा मिनिटांवर आलेली असते. अशा वेळी घामाने भिजलेला, ताजातवाना, खुशीत असलेला माणूस आत येऊन रिकामी बाटली सिंकमध्ये ठेवतो. कुरबुर तासाभराच्या राइडवरून नसते, या वीस मिनिटांवरून असते. हीच राइड दिवसाच्या दुसऱ्या वेळी नेली तर तिच्याबद्दल कुणी फारसं बोलणार नाही.

म्हणून कामाच्या दिवसांतली पहाटेची राइड बंद करा आणि मंगळवारी, गुरुवारी ऑफिसला सायकलने जा. १५ किलोमीटरला रहदारी धरून ५० ते ५५ मिनिटं लागतात. गाडीने गर्दीच्या वेळी त्याहून फार कमी लागत नाहीत, हे तुम्हाला आम्ही सांगायला नको. जाऊन-येऊन ३० किलोमीटर, दोन दिवसांचे ६०, आणि घराच्या वाट्यातून जवळजवळ काहीच जात नाही. महामार्गाच्या बाह्यवळणाने जाऊ नका. जड वाहनं आणि सर्व्हिस रोडवरून मध्येच घुसणाऱ्या गाड्या यांच्यात सायकलला जागा नसते. पाषाण-बाणेरच्या आतल्या रस्त्याने दोन किलोमीटर जास्त पडले तरी चालतील. नवा रस्ता पहिल्यांदा एखाद्या मोकळ्या सकाळी चालवून बघा, कामाच्या दिवशी नको.

ऑफिसला सायकल नेणं बहुतेकांचं तिसऱ्या आठवड्यात बंद पडतं, आणि ते पायांमुळे नाही, कपड्यांमुळे. तुमच्या वेळापत्रकात याची सोय आपोआप आहे. बुधवारी गाडी न्या. गाडीतून दोन जोड इस्त्रीचे कपडे ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवा, एक गुरुवारसाठी आणि एक पुढच्या मंगळवारसाठी. मंगळवारचे मळके त्याच फेरीत परत आणा. बूट, पट्टा, पंचा आणि साबणाची डबी ऑफिसातच राहू द्या. पोचल्यावर लगेच कपडे बदलू नका. दहा मिनिटं पंख्याखाली उभे राहा, पाणी प्या, मग अंग पुसा. घाम थांबायच्या आत शर्ट घातला की पाच मिनिटांत पाठीवर नकाशा उमटतो. लॅपटॉप पाठीवरच्या सॅकमध्ये नको, पाठ भिजते आणि तासाभराने मान धरते. मागे कॅरिअर बसवून त्याला लटकणारी पॅनिअर बॅग घ्या. हायब्रिडच्या फ्रेमला कॅरिअरची भोकं बहुधा असतात, आधी बघून घ्या.

वेळा अशा ठेवा. सहाला उठायचं. मुलगी बसमध्ये बसेपर्यंत घरात पूर्ण हजर राहायचं. ७.५० ला निघायचं, ८.४५ ला पोचायचं, ९.१५ ला जागेवर. संध्याकाळी पावणेसहाला निघालात तर सातच्या आत घरी. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये पुण्यात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणजे परतीचा बहुतेक रस्ता अंधारात आहे. मागचा लाल दिवा लुकलुकता ठेवा आणि पुढचा स्थिर, समोरच्याच्या डोळ्यांत जाणार नाही असा खाली झुकवलेला. दोन्ही दिवे सोमवारी आणि बुधवारी रात्री मोबाइलशेजारी चार्जिंगला लावा, नाहीतर नेमके गुरुवारी विझतात. घरात मार्गशीर्षातले गुरुवार पाळत असाल तर ते आठवडे एका मंगळवारवर भागवा. पूजेच्या संध्याकाळी सातला घामेजून येण्यात काही मिळवायचं नाही.

मंगळवार आणि गुरुवारचा मुलीचा डबा तुम्ही करा. मदत नाही, डबाच. काय द्यायचं ते ठरवणं, सामान आहे का बघणं, भरणं आणि बसपर्यंत पोचवणं, सगळं. "काय करू ते सांग" असं विचारलं की विचार करायचं ओझं पुन्हा तिच्याकडेच जातं. पोळ्या लाटता येत नसतील तर आदल्या संध्याकाळी पोळीभाजी केंद्रातून आणा. मंगळवारसाठी मटकी रविवारी रात्री भिजवा, सोमवारी सकाळी उपसून फडक्यात बांधा, मंगळवारी पहाटे मोड आलेले असतात आणि उसळ वीस मिनिटांत होते. गुरुवारी उपमा नाहीतर बटाट्याचा पराठा. चार आठवडे हे न चुकता झालं की रविवारबद्दल बोलायला तुमची जागा वेगळी असेल.

आता रविवार. कुठलाही रविवार शनिवारी रात्री ठरवू नका, गुरुवारी रात्री जेवणानंतर ठरवा. तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई सुरू होते. कुणाचं केळवण, मुलीच्या शाळेची मीटिंग, आईंची डॉक्टरकडची तारीख, बायकोच्या बँकेतलं काही, हे सगळं गुरुवारी समोर मांडता येतं. भिंतीवरच्या कालनिर्णयवर, दुधाच्या खाड्यांशेजारी, रविवारच्या चौकटीत एकच आकडा लिहा: परत यायची वेळ. निघायची वेळ कुणाला नको असते, त्या वेळी सगळे झोपलेलेच असतात. "नऊ-साडेनऊ, बघू" असं सांगून साडेदहाला येणारा माणूस घरच्यांची पूर्ण सकाळ अडकवून ठेवतो. भाजी आणायला कोण जाणार, नाश्त्याला थांबायचं का, आईंजवळ कोण बसणार, यातलं काहीच ठरत नाही. "दहा वाजता" म्हणून दहाला येणाऱ्याची सकाळ त्याच्या एकट्याची असते, बाकीच्यांची मोकळी राहते.

दहा म्हणजे दहाच व्हायचे असतील तर किलोमीटरवर वळू नका, घड्याळावर वळा. पहाटे सव्वापाचला निघालात तर हातात २८५ मिनिटं आहेत. जाताना १२०, चहाला १५, येताना १३५ आणि पंक्चरसाठी राखीव १५. म्हणजे सव्वासातला जिथे असाल तिथे चहा घ्यायचा आणि वळायचं. पानशेत पाच किलोमीटरवर राहिलं असलं तरी वळायचं. परतीला १५ मिनिटं जास्त धरली आहेत, कारण पाय थकलेले असतात आणि खडकवासल्याच्या चौपाटीकडे, सिंहगडाकडे येणाऱ्या गाड्यांची गर्दी आठनंतर वाढत जाते. पिरंगुट-पौडच्या बाजूला गेलात तर येताना पिरंगुटचा घाट पुन्हा चढायचा असतो, तिकडे परतीला आणखी दहा मिनिटं धरा. ग्रुपबरोबर महिन्यातून एकदाच जा, आणि त्या दिवशी परतीची वेळ एक तास पुढची लिहा. ग्रुपचं वेळापत्रक तुमच्या हातात नसतं, आणि घरी दिलेला शब्द मात्र तुमचा असतो.

राखीव १५ मिनिटांत पंक्चर निघालं पाहिजे. पहिल्यांदा करणाऱ्याला रस्त्यावर पाऊण तास लागतो आणि घरी दिलेली वेळ तिथेच कोलमडते. म्हणून येत्या आठवड्यात पार्किंगमध्ये मागचं चाक तीनदा उघडा आणि तीनदा बसवा. चेन मागच्या सर्वांत लहान दातेरी चकतीवर आणा, मग चाक काढा. उरलीसुरली हवा पूर्ण सोडा. टायरची कड दोन्ही बाजूंनी रिमच्या मधल्या खोलगट भागात दाबत फिरवून घ्या, म्हणजे ती सैल पडते, आणि टायर लिव्हर व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूला घाला. ट्यूब काढली की टायरच्या आतून जुन्या फडक्याने पुसत एक पूर्ण फेरी मारा. फडकं जिथे अडकेल तिथे बाभळीचा काटा नाहीतर ट्रकच्या फुटक्या टायरमधली बारीक तार असते. ती न काढता नवी ट्यूब घातलीत तर दोन किलोमीटरवर तीही बसते. ट्यूबला शेजारी शेजारी दोन बारीक छिद्रं दिसली तर काटा शोधत बसू नका. ती कमी हवेमुळे खड्ड्यात रिमने ट्यूब चावल्याची खूण आहे. नव्या ट्यूबमध्ये गोल आकार येईल एवढीच हवा भरा, आधी व्हॉल्व्ह भोकात घाला, मग ट्यूब टायरच्या आत सरकवा. टायरची कड व्हॉल्व्हच्या समोरून बसवायला सुरुवात करून शेवट व्हॉल्व्हपाशी करा. शेवटचा वीतभर भाग कडक जातो, तो अंगठ्यांनी ढकला. तिथे लिव्हर वापरली की नवी ट्यूब चिमटते. हवा भरण्याआधी व्हॉल्व्ह एकदा वर ढकला आणि चाकाच्या दोन्ही बाजूंनी ट्यूब कुठे बाहेर डोकावत नाही ना ते बघा. तिसऱ्या खेपेला हे सगळं बारा मिनिटांत होतं.

बरोबर न्यायच्या पिशवीत दोन ट्यूब, लिव्हर, छोटा पंप, पॅचचा डबा, ॲलन कीचा जोड आणि चेनची एक क्विक लिंक, म्हणजे तुटलेली चेन जोडायची कडी. लिंक तुमच्या गिअरच्या संख्येचीच हवी. आठ गिअरच्या चेनला दहाची बसत नाही. दोनशे रुपये रोख ठेवा, घाटात मोबाइलला रेंज नसली की टपरीवर पैसे देताना अडचण होते.

शनिवारी रात्रीची वीस मिनिटं पहाटेची चाळीस मिनिटं वाचवतात, आणि मुख्य म्हणजे पहाटे कुणाची झोप मोडत नाही. कपडे, मोजे, हेल्मेट, दिवे, बाटल्या, सगळं बाहेरच्या खोलीत एका खुर्चीवर. पहाटे बेडरूममधलं कपाट उघडायचं नाही. गजर मोबाइलवर वाजवण्यापेक्षा मनगटी घड्याळाच्या थरथरीवर ठेवा. हवाही रात्रीच भरा. तुमच्या हायब्रिडला बहुधा ७००×३५ चे टायर असतील. पंचाहत्तर-ऐंशी किलोच्या माणसाला पुढे ५० आणि मागे ५५ ते ६० पीएसआय पुरतात. टायरच्या कडेवर छापलेला आकडा ही कमाल मर्यादा असते, तेवढी भरायची असा त्याचा अर्थ नाही. जास्त भरली की प्रत्येक खडी हातात आणि बुडाखाली जाणवते, आणि शंभर किलोमीटरनंतर बोटं बधिर होतात. चेनला दर दोन आठवड्यांनी तेल. आधी जुन्या बनियनने चेन कोरडी पुसा, मग प्रत्येक रोलरवर एकच थेंब, पायडल उलटं फिरवत. दहा मिनिटं थांबा आणि वरून पुन्हा पुसून काढा. तेल रोलरच्या आत हवं, बाहेर राहिलं की आपली धूळ त्यावर बसते आणि चेन सहाणेसारखी दाते झिजवते.

दुपारच्या पेंगेकडे येऊ. "घरात असून नसल्यासारखा" या वाक्याचं मूळ आम्हाला इथे दिसतं. दहाला परत येऊन बारा ते तीन सोफ्यावर आडवा झालेला माणूस घरच्यांच्या दृष्टीने तीनलाच परत आला. ही पेंग दोन कारणांनी येते, राइडवर कमी खाणं आणि रात्री कमी झोपणं. वजन कमी व्हावं म्हणून पुष्कळजण रिकाम्या पोटी निघतात, तीन तास पाण्यावर काढतात आणि मग घरी येऊन दोन ताटं जेवतात. तसं करू नका. निघण्याआधी अर्धा तास एक केळं, किंवा रात्रीच्या पोळीला गूळ-तूप लावून केलेली गुंडाळी. पाऊण तासानंतर खायला सुरुवात करा, भूक लागायची वाट बघू नका. तासाला ४० ते ५० ग्रॅम कर्बोदकं पोटात गेली पाहिजेत. एका मध्यम केळ्यात २५ ग्रॅमच्या आसपास असतात, आणि पाच छोट्या बिनबियांच्या खजुरांत साधारण तेवढीच. म्हणजे तासाला एक केळं आणि चार-पाच खजूर. पाणी तासाला अर्धा ते पाऊण लिटर. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यासाठी असतं. ते अर्ध्या लिटरच्या बाटलीत ओतलं की द्रावण दुप्पट घट्ट होतं, तहान वाढते आणि मळमळतं. बाटली लहान असेल तर २०० मिलिलिटरची छोटी पाकिटं घ्या. घरी आल्यावर तासाभरात पोहे आणि दोन अंडी किंवा दहीभात. एवढं केलंत तर दुपारी फार तर वीस मिनिटं डोळा लागेल.

झोपेचं गणित नोव्हेंबरपासून आणखी बिघडतं, ते लक्षात घ्या. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेत घड्याळं एक तास मागे जातात, त्यामुळे तुमचा साडेनऊचा कॉल आपल्याकडे साडेदहाला सरकतो आणि तो मार्चपर्यंत तिथेच राहतो. मंगळवारी आणि गुरुवारी रात्री झोपायला बारा वाजणार. म्हणून बुधवारी सायकल नको, आणि शुक्रवारी पहाटे तर मुळीच नको. क्लायंटला तासभर अलीकडे यायला सांगून बघा, त्यांची सकाळ लवकर सुरू होत असेल तर जमतं. झोप सहा तासांच्या खाली गेली असेल त्या दिवशी सायकल घरी ठेवून गाडीने जा, अर्धवट झोपेत रहदारीत सायकल चालवणं धोक्याचं आहे. बुडालेली राइड दुसऱ्या दिवशी भरून काढायची नाही. ती बुडाली. एका राइडने ब्रेव्हे हातातून जात नाही, पण भरपाईच्या नादात पुढचे तीन दिवस घराचे जातात.

दहा आठवड्यांत लांब राइडचे रविवार चारच. पहिल्या आठवड्यात ७० किलोमीटर, तिसऱ्यात ८०, दोन्ही सकाळी दहापर्यंत. पाचव्यात १००, बारापर्यंत. आठव्यात १३०, पहाटे पाच ते दुपारी एक. हा एकच रविवार मोठा आहे, त्याची तारीख आजच सांगून ठेवा. शेवटचे दोन आठवडे फक्त ऑफिसच्या फेऱ्या. बाकीचे रविवार पूर्ण घरचे, त्यात "जरा तासभर जाऊन येतो" सुद्धा नाही. मधल्या आठवड्यांत हवं तर शनिवारी सकाळी दीड तास, चांदणी चौक, भूगाव, पिरंगुटचा घाट आणि परत. घाटात तीन-चार वेळा चार-चार मिनिटं एवढा जोर लावा की दोन-तीन शब्दांपलीकडे बोलता येऊ नये, मधे तीन मिनिटं सावकाश. दम वाढतो तो यातून. तुमच्या सध्याच्या सगळ्या राइड एकाच मध्यम वेगाच्या असणार. ना त्यात पायांना सवयीपलीकडे जावं लागत, ना अंगाला विसावा मिळत. चाळिशी उलटली आहे, म्हणून असा जोर लावण्याआधी रक्तदाब, साखर आणि ईसीजी करून घ्या. घरात कुणाला हृदयविकार असेल तर हे टाळूच नका.

१३० किलोमीटरवर २०० होतील का? होतील. २०० च्या ब्रेव्हेला साडेतेरा तास असतात, थांबे धरून ताशी १५ च्या आतबाहेरचा वेग. तुम्ही ताशी २० ने चालवता, म्हणजे दहा तास पायडलवर आणि साडेतीन तास हातात. तिथे लोक अडकतात ते पायांमुळे कमी, थांब्यांमुळे जास्त. प्रत्येक कंट्रोलवर (वाटेतला नोंदणीचा थांबा) अर्धा तास बसलं की वेळ हातातून जातो. कार्डावर शिक्का, बाटल्या भरणं, खाणं, दहा मिनिटांत निघणं, याची सवय १३० च्या राइडलाच लावून घ्या.

ट्रेनर का नको म्हणालो? घरी उरलेल्या संध्याकाळींपैकी पाऊण तास तो तुमच्याकडून घेईल, आणि त्याच वेळी मुलीचा अभ्यास असतो. फ्लॅटमध्ये त्याचा घरघराट खालच्या मजल्यापर्यंत जातो, हॉलमधली जागा कायमची अडते, आणि टायरवर घासणारा ट्रेनर असेल तर रस्त्याचा टायर त्यावर लवकर संपतो. पावसाळ्यात पुन्हा विचार करा. तेव्हा त्याचा खरा उपयोग आहे.

राहिलं बायकोशी बोलणं. रविवारी घामेजल्या कपड्यांत नको, या गुरुवारी जेवणानंतर बोला, कालनिर्णय समोर ठेवून. परवानगी मागू नका आणि "माझं ठरलंय" असंही सांगू नका. एवढंच म्हणा: "दहा आठवड्यांत मला चार रविवार हवे आहेत. या तारखा. यातली कुठली तुला अडचणीची आहे ते आत्ता सांग, मी बदलतो. या चार रविवारी मी जितके तास बाहेर, तितकेच तास शनिवारी तू मोकळी. मुलगी, आई, स्वयंपाक, सगळं माझ्याकडे." आणि तिचे ते तास खरोखर मोकळे राहू द्या. पावणेपाच तास तर पावणेपाच तास. तिने ते मैत्रिणीकडे घालवले, झोपून काढले किंवा काहीच केलं नाही, तरी हिशोब विचारायचा नाही, आणि "डाळ कुठे ठेवलीय" म्हणून फोन करायचा नाही. रविवारचे तास वाढले की शनिवारचेही वाढतात. १३० च्या आठवड्यात तिला पूर्ण आठ तास द्यायचेत, ते कुठून काढायचे याची तयारी आत्ताच करा. तिने तारखा ऐकून जानेवारी जमणारच नाही असं सांगितलं, आणि आईंच्या तब्येतीसारखं कारण असलं, तर नाव मागे घ्या. २०० च्या ब्रेव्हे हिवाळ्यात पुन्हा होतात.

मुलीला या सगळ्यात ओढायचं असेल तर तिच्या वेगाने. शनिवारी संध्याकाळी तिच्या सायकलवर तिला पुढे ठेवून सोसायटीत अर्धा तास. तुमच्या सरावात हे धरू नका, तिला लगेच कळतं.

ब्रेव्हे सकाळी सहाला सुटली तर संध्याकाळी साडेसातला वेळ संपते. आदल्या रात्री साडेनऊला झोपायचं असल्यामुळे शनिवारचं कुठलंही जेवण स्वीकारू नका. कितव्या किलोमीटरला कधी असाल याचा अंदाज कागदावर लिहून घरी ठेवा आणि प्रत्येक कंट्रोलवरून एक ओळीचा मेसेज करा, म्हणजे कुणाला फोन करून विचारावं लागणार नाही. संपल्यावर स्वतः गाडी चालवत येऊ नका, दहा-बारा तासांनंतर सिग्नलला डोळा लागतो. रिक्षाने या आणि सायकल दुसऱ्या दिवशी आणा, किंवा मित्राच्या गाडीतून या. सोमवारी घरूनच काम आहे, पण सकाळची मीटिंग आधीच पुढे ढकलून ठेवा. रविवारी रात्री मटकी भिजवणं होणार नाही, तेव्हा शनिवारीच भाजीवाल्याकडून मोड आलेली आणून फ्रिजमध्ये ठेवा. मंगळवारचा डबा तुमच्याकडेच आहे.